खोलीबाहेर न जाणारे पलंग

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, पलंग करतात. सुतार काय, पायलीचे पन्नास मिळतील. पण भाऊजींकडे टेबल किंवा कपाट सांगायला गेलात तर ते तुम्हाला शेजारच्या गल्लीचा रस्ता दाखवतील. तरुणपणी ते खुर्च्याही करायचे, पण त्यांची लेक ठकी लहान असताना एक प्रकार घडला आणि त्यांनी खुर्च्यांना कायमचा रामराम ठोकला. तेव्हापासून फक्त पलंग, आणि तेही फक्त दोन माणसांचे. गावात त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. सगळे त्यांना पलंगवाले म्हणतात, आणि ज्यांचं लग्न ठरतं ते साखरपुडा राहू दे म्हणून आधी त्यांच्याकडे नंबर लावतात. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, आणि पलंग घ्यावा पलंगवाल्यांकडून, इतकी ती म्हण आमच्याकडे लांबली आहे.

भाऊजींची काम करायची पद्धत जगावेगळी. शिंपी अंगाचं माप घेतो, भाऊजी दाराचं घेतात. नवराबायको कितीही सडपातळ असोत, पलंग त्यांच्या झोपायच्या खोलीच्या दारापेक्षा सगळ्या बाजूंनी मोठा झालाच पाहिजे. मग सगळं लाकूड फळ्या-फळ्यांनी त्या खोलीत जातं, भाऊजी आत जातात आणि दार लागतं. आतून रंध्याचा आवाज येतो, हातोडीचा येतो, मधूनमधून भाऊजींच्या बेसूर गाण्याचा येतो. खिळा नाही, स्क्रू नाही. लाकडी खुंट्या आणि सरस, बस्स. पलंग झाला की भुवयांत भुसा घेऊन ते बाहेर येतात, नव्या जोडप्याला त्यावर बसवतात, उठवतात, पुन्हा बसवतात आणि स्वतः पायाशी कान लावून विचारतात, "करकरला?"

"नाही."

"मग नांदा सुखानं."

"दारातून आत आलेला पलंग एक ना एक दिवस दारातून बाहेर जातो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. "खोलीत जन्मलेला खोलीतच राहतो." यामुळे लोकांची काय पंचाईत होते, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बदली झाली की माणसं डोळे पुसत पलंग मागे ठेवून जातात. आमच्या पलीकडच्या रस्त्यावरच्या एका नवराबायकोचं असं फाटलं की दोघं एकमेकांशी भिंतीमार्फत बोलायची. पण असा पलंग पुन्हा मिळणार नाही म्हणून घर सोडायला कुणी तयार होईना. शेवटी त्यांनी गादीवर मधोमध खडूनं रेघ मारली. भाऊजी हे उदाहरण फार अभिमानानं सांगतात, आणि मी हसले की त्यांना राग येतो.

त्यांना माझा राग यायला जुनं कारण आहे. त्यांनी केलेल्या पलंगावरून उठून गेलेली त्या काळातली पहिली बाई मी.

माझं लग्न मोडलं तेव्हा कायदा वेगळा होता. दोघांना नको झालंय, हे कोर्टाला पुरायचं नाही. कुणीतरी एक वाईट ठरायला हवं होतं. माझा नवरा तर मुंगी पायाखाली आली तर तिची माफी मागणारा. आमचं भांडण नव्हतं, आमचं काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती. शेवटी दोघांनी बसून ठरवलं की क्रूर त्यानं व्हायचं. त्यानं मला फुलदाणी फेकून मारली, असं मी सांगायचं आणि त्यानं मान खाली घालायची. न्यायाधीशांनी विचारलं, "फुलदाणी कशाची होती?" मी म्हटलं, "चिनीमातीची," आणि त्याच क्षणी तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पितळेची." सगळं कोर्ट हसलं, न्यायाधीशही हसले, आणि आम्हाला नांदायला घरी पाठवलं. घरी येताना आम्ही दोघं इतके हसलो की रस्त्यात बसावं लागलं. पुढे बरीच वर्षं घासून, एका नव्या फुलदाणीची नीट तालीम करून मग आम्ही सुटलो.

भाऊजींनी तेव्हा मला एकच विचारलं होतं. "पलंग मोडला का?"

"नाही."

"करकरत होता?"

"नाही हो भाऊजी."

"मग लग्न कसं मोडलं?"

काय सांगणार? त्या पलंगावर आता त्याची दुसरी बायको झोपते. ती माझ्या चष्म्याच्या दुकानात येते, डोळे तपासून घेते आणि त्याच्या घोरण्याची तक्रार करते. मी सहानुभूती दाखवते आणि मनातल्या मनात गिरकी घेते.

मग नवा कायदा आला. दोघांची राजीखुशी असेल तर कुणी वाईट ठरायची गरज नाही. दोघांनी कोर्टात जाऊन सांगायचं, काही महिने विचार करायचा, पुन्हा दोघांनी जाऊन तेच सांगायचं, की सुटलात. गावात जी काही खळबळ उडाली! म्हाताऱ्या म्हणाल्या, आता कुणाचं घर राहणार नाही. म्हातारे म्हणाले, हा कायदा आमच्या वेळी का नव्हता, आणि मग म्हाताऱ्यांकडे बघून गप्प बसले. एक जोडपं एकाच स्कूटरवरून कोर्टात गेलं आणि एकाच स्कूटरवरून परत आलं, कारण तिचीच स्कूटर होती आणि त्याला बस सापडत नव्हती. तरुण पोरं तर लग्नच पुढे ढकलू लागली. नुसती एक गादी जमिनीवर टाकायची आणि म्हणायचं, बघू जमतंय का. पलंगवाल्यांच्या धंद्याला जमिनीवरच्या गादीनं जेवढा धक्का दिला तेवढा कोर्टानंही दिला नाही.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," भाऊजी कारखान्यात बसून करवादायचे, "ही मंडळी अंथरूणच गुंडाळायच्या तयारीनं झोपतात."

आणि अशात एका रविवारी ठकी आणि जावई आले. ठकी म्हणजे माझी एकुलती एक भाची. भाऊजींनी तिच्यासाठी लाकडाच्या बाहुल्या, म्हणजे ठक्या, इतक्या केल्या की तिचं नावही ठकीच पडलं. ती लिफ्ट दुरुस्त करते. जावई शाळेत गणित शिकवतात. दोघं हातात हात घालून आले, सोफ्यावर चिकटून बसले, आणि ठकीनं प्रसन्न चेहऱ्यानं सांगितलं की ते वेगळे होताहेत, कोर्टात एकदा सांगूनही झालंय, आता दुसरी तारीख तेवढी राहिली.

ताईच्या हातातला चमचा खाली पडला. भाऊजींनी जावयांकडे असं पाहिलं की ते ठकीच्या मागे सरकले.

"मारतो का तुला?" भाऊजींनी विचारलं.

"बाबा! त्याला झुरळ मारता येत नाही, मी मारते."

"मग दुसरी कोणी?"

"नाही हो," जावई म्हणाले. "मला तर पहिलीच मिळाली तेव्हा आश्चर्य वाटलं होतं."

"मग झालंय काय?"

ठकी म्हणाली, "बाबा, आमचं सगळं छान चाललंय. फक्त संध्याकाळी घरी यायची घाई होत नाही. मलाही नाही, त्यालाही नाही. लिफ्ट दुरुस्त झाली तरी मी उगाच चार वेळा वरखाली करून बघते. हा रिकाम्या वर्गात बसून फळा पुसतो."

"दोनदा पुसतो," जावयांनी कबूल केलं.

फुलदाण्यांच्या सगळ्या तालमींत मला जे कोर्टाला सांगता आलं नव्हतं, ते या पोरीनं बसल्या जागी सांगितलं. मला उठून नाचावंसं वाटलं. भाऊजी मात्र उठून कारखान्यात गेले.

खरी मेख पुढे होती. ठकीला दुसऱ्या गावी मोठ्या कंपनीत काम मिळालं होतं आणि जावई शाळेजवळ लहान जागा घेणार होते. राहतं घर रिकामं करून द्यायचं होतं, अगदी रिकामं. आणि त्या घरात भाऊजींनी आपल्या लेकीसाठी, आयुष्यातलं सगळं कसब पणाला लावून केलेला पलंग होता. इतरांचे पलंग दारापेक्षा वीतभर मोठे असतील, तर हा हातभर होता.

ठकी रोज येऊन विनवायची. "बाबा, तो कापावा लागणार. तुम्हीच कापा. दोघांना एकेक अर्धा नेता येईल."

"माझी करवत लाकूड कापते, लग्न नाही."

"मग दुसऱ्या कुणाला तरी कुऱ्हाड घेऊन बोलवावं लागेल."

"बोलव."

"मला तुमच्याच हातून हवंय, बाबा. तुम्ही नाही आलात तर मी जाईन, पण रागावलेल्या घरातून गेल्यासारखी जाईन. आणि मग यायचं म्हटलं तरी पाय जड होतील."

त्यावर भाऊजी रंधा घेऊन एका गुळगुळीत फळीला आणखी गुळगुळीत करत बसले. ताई मला हळूच म्हणाली, "लेक हातची जाईल गं अशानं." मी हसून टाकलं, पण मला तिच्याइतकीच धास्ती वाटत होती.

असं करता करता कोर्टाची दुसरी तारीख उजाडली. त्याच दिवशी संध्याकाळी घराच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. सकाळी आम्ही सगळे तिकडे जमलो. भाऊजीही आले, पण हात पाठीमागे बांधून. कापायला नाही, तर पलंग बाहेर निघत नाही हे डोळ्यांनी बघायला.

जावयांनी गणित मांडलं होतं. पलंग उभा केला, तिरपा केला आणि अमुक कोनात वळवला तर तो दारातून जातो, असं त्यांनी कागदावर सिद्ध केलं होतं. भाऊजींनी कागदाकडे पाहिलं आणि नुसते हसले. ठकी आणि जावई खोलीत राहून ढकलणार, मी आणि ताई बाहेरून ओढणार. "एक, दोन, हुश्श!" पलंग उभा राहिला, तिरपा झाला, अमुक कोनात वळला आणि दारात शिरला. आम्ही जल्लोष केला. मग तो अर्ध्यावर थांबला. पुढे येईना, मागे जाईना. एका बाजूचे पाय चौकटीच्या अलीकडे, दुसऱ्या बाजूचे पलीकडे, आणि सगळं दार लाकडानं बुजलेलं. आत ठकी, आत जावई, खिडकीला गज, आणि कोर्टात जायला निघायची वेळ झालेली.

"कोन थोडा चुकला," आतून जावयांचा आवाज आला.

भाऊजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर ऐसपैस बसले. इतके खूश मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "मेहुणीबाई, बघ. कोर्टाला जमलं नाही, कायद्याला जमलं नाही, माझ्या पलंगाला जमलं. तारीख गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तोवर डोकी थंड होतील."

"भाऊजी, करवत आणलीय का?"

"पिशवीत आहे," ते अगदी सहज म्हणाले. सुतार करवतीशिवाय घराबाहेर पडत नाही.

तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. आधी ठकीचा, मग जावयांचा, मग दोघांचा मिळून, अगदी खळखळून. भाऊजींनी दारातल्या पलंगाला कान लावला. पायाशी लावतात तसा. त्यांचा चेहरा उजळून निघाला.

"ऐकलंस? हसताहेत! दोघं हसताहेत! कशाला हवं कोर्ट?"

"बाबा," फळीमागून ठकी म्हणाली, "आम्ही अडकलो की हसतोच. पहिल्यापासून. दारं उघडी असली की सुचत नाही." मग हळूच, "बाबा, निघत नाहीये."

बस्स, एवढंच म्हणाली. पण ते 'निघत नाहीये' असं आलं की ताई ताडकन उठून उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "खुर्ची आठवते का?"

ठकी तेव्हा अडीच-तीन वर्षांची असेल. गिऱ्हाइकासाठी केलेली खुर्ची, पाठीला नाजूक कोरलेले गज, भाऊजींनी महिनाभर जीव ओतलेली. पोरीनं त्या गजांतून डोकं घातलं आणि ते अडकलं. रडली नाही, ओरडली नाही, नुसती म्हणाली, "बाबा, निघत नाहीये." भाऊजींनी हातात आली ती करवत घेतली आणि दोन झटक्यांत खुर्चीची पाठ कापून टाकली. गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून खुर्च्या बंद.

"तेव्हा खुर्ची की पोर, असा विचार केला होतात का?" ताईनं विचारलं.

भाऊजींनी दारातल्या लाकडावरून एकदा हात फिरवला. मग पिशवीतून करवत काढली, तिच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि फळीमागे म्हणाले, "ठके, मागे सर. डोळ्यांत भुसा जाईल."

त्यांच्या डोळ्यांत मात्र आधीच काहीतरी गेलं होतं. करवत चालू झाली. मधोमध, सरळ रेषेत, जिथे त्या भांडकुदळ जोडप्यानं खडूची रेघ मारली असती तिथेच. कापता कापता ते स्वतःशीच बडबडत होते, "काय लाकूड आहे! काय बसवलंय! कोणी केलाय हा?" आम्ही बायका एका डोळ्यानं रडत होतो आणि एका डोळ्यानं हसत होतो. शेवटी 'कट्' असा आवाज झाला, एक अर्धा भाग आत पडला, दुसरा बाहेर, आणि भुशाच्या ढगातून ठकी बाहेर आली ती थेट बापाच्या गळ्यात पडली.

"अगं, तारीख!" जावई ओरडले.

मग आम्ही पाचजण जे पळत सुटलो ते विचारू नका. भाऊजी सर्वांच्या पुढे, हातात करवत तशीच. कोर्टाच्या दारात पहारेकऱ्यानं ती ठेवून घेतली आणि विचारलं, "फारकतीला करवत कशाला?" भाऊजी म्हणाले, "मोठी गोष्ट आहे, सुटल्यावर सांगतो."

न्यायाधीश बाईंनी दोघांकडे पाहिलं. दोघांच्या केसांत भुसा, ठकीच्या गालावर भुसा, जावयांच्या चष्म्यावर इतका की त्यांना न्यायाधीश बाई दिसतच नव्हत्या. ते भलत्याच बाजूला, टंकलेखकाला नमस्कार करत होते.

"तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना?" बाईंनी विचारलं. "कुणी अडवलं, कुणी कोंडून ठेवलं?"

ठकी आणि जावयांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जे हसू फुटलं ते आवरेना. मागे आम्हीही हसायला लागलो. बाई थांबल्या, वाट पाहिली, आणि म्हणाल्या, "मला वाटतं, तुम्ही अजून विचार करावा."

तेव्हा मागच्या बाकावरून भाऊजी उठले. सगळ्यांना वाटलं, आता हे मोडता घालणार. मी त्यांचा सदरा धरला.

"बाई," ते म्हणाले, "मी मुलीचा बाप. कोंडलं होतं ते मी. सोडवलंही मीच. ही दोघं हसतात चांगली, पण त्यांना घरी यायची घाई नाही. सोडा त्यांना."

मी सदरा सोडून दिला. माझ्या वेळी असं कुणी उठलं असतं तर दोन्ही फुलदाण्या वाचल्या असत्या, असं मनात आलं. पण लगेच भाऊजी खाली बसताना शेजारच्या वकिलाच्या टोपीवर बसले, त्यामुळे ते तेवढ्यावरच राहिलं.

त्या अर्ध्या-अर्ध्या भागांचे भाऊजींनी दोन छान एकेरी पलंग केले. कापलेली कड त्यांनी स्वतः रंधली, हात फिरवला तर रेशीम लागावं अशी. एक ठकीकडे गेला, एक जावयांकडे. जावई अजून येतात, भाऊजींशी कोनांवर वाद घालतात आणि हरतात. ठकीही सुट्टी मिळाली की येते, आणि येताना तिचे पाय जड नसतात. पण खरी गंमत पुढे झाली. दोन अर्धे बघून एका नव्या जोडप्यानं विचारलं, "असाच करून द्याल का? दोन भाग, आणि मध्ये कडी?" भाऊजींनी खूप आढेवेढे घेतले आणि करून दिला. आता जमिनीवरच्या गादीवालेसुद्धा रांगेत असतात. भाऊजी दाराचं माप घेत नाहीत. पलंग आरामात दारातून आत जातो, बाहेर येतो. पायाशी कान लावायची सवय मात्र गेली नाही.

मग एके दिवशी सकाळी चहा पिता पिता ताई म्हणाली, "अहो, आपलाही कापा."

भाऊजींचा कप बशीत खडखडला. त्यांचा तो जुना पलंग, त्यांनी केलेला सगळ्यात पहिला. "अगं, काय झालं? माझं काही चुकलं का?"

"चुकलं तर पुष्कळ आहे, ते सांगायला बसले तर चहा गार होईल. तुम्ही करवत आणा."

"म्हणजे तू... या वयात..."

"आणा तर."

भाऊजींनी मला बोलावणं पाठवलं. मी गेले तेव्हा ते घामानं डबडबलेले, करवत हातात, आणि ताई शांतपणे बोटानं रेघ दाखवत होती. त्यांनी कापला. चार वेळा थांबून तिच्याकडे बघत कापला. कापून झाल्यावर ताई म्हणाली, "आता कडी बसवा. माझ्या बाजूनं."

"तुझ्याच बाजूनं का?"

"इतकी वर्षं मी इथे झोपले ते पलंग निघत नव्हता म्हणून, असं कुणी म्हणायला नको. आता कडी माझ्या हातात. मी घातली तर घातली."

भाऊजींनी कडी बसवली. ताई रोज सकाळी ती काढते, दोन्ही भाग सरकवून मधला केर काढते, आणि दिवसभर पलंग तसाच अलग ठेवते. कडी घालायची ती तिच्या मनाला येईल तेव्हा.

पूर्वी भाऊजी कारखान्यातून अंधार पडेपर्यंत हलत नसत. गप्पा, चहा, मग आणखी एक फळी. आता ऊन कललं की त्यांचं लक्ष उडतं, रंधा भलतीकडे ठेवतात आणि अर्धवट पुसलेल्या हातांनी निघतात. परवा मी दुकानातून पाहिलं, तर चक्क पळत होते. मी हाक मारली, "भाऊजी, कुठे आग लागलीय?"

"घरी जातोय!" ते न थांबता ओरडले. "कडी घातलीय का बघायला!"

रोज घातलेली असते. तरी रोज पळतात.